अंकुश, समतोल आणि कापूस वेचणारे हात

सत्तेवर अंकुश असावा, हे तत्त्व आज कोणीही उघडपणे नाकारीत नाही. राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकापासून वर्तमानपत्राच्या अग्रलेखापर्यंत सर्वत्र त्याचा उच्चार आदराने होतो. कायदेमंडळाने कार्यकारी सत्तेला रोखावे, न्यायालयाने दोघांनाही मर्यादेत ठेवावे आणि या तिहेरी ताणातून नागरिकाचे स्वातंत्र्य सुरक्षित राहावे, अशी ती मांडणी आहे. मांडणी सुबक आहे. परंतु या मांडणीत 'नागरिक' म्हणून जो गृहीत धरलेला असतो तो नेमका कोण, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो जालना जिल्ह्यातल्या पऱ्हाटीच्या रानात उभे राहून विचारावयाचा आहे. निमित्त आहे ते २०२५ सालच्या आयातशुल्काच्या प्रकरणाचे.

प्रथम घटनाक्रम पाहू. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या आदेशाने भारतातून तिकडे जाणाऱ्या बहुतेक मालावर ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के जादा शुल्क सुरू झाले. रशियाचे तेल घेतल्याबद्दल आणखी २५ टक्के लावण्याच्या आदेशावर त्यांनी आदल्याच दिवशी सही केली होती. ते २७ ऑगस्टला लागू झाले. कापड व तयार कपडे निर्यात करणाऱ्यांचे धाबे दणाणले. त्यांना दिलासा म्हणून १८ ऑगस्टला दिल्लीतून एक अधिसूचना निघाली आणि परदेशी कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ झाले. २८ ऑगस्टला ही माफी ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. मराठवाड्यात कापसाची वेचणी सुरू होते ती साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये एक सही झाली, दिल्लीत दुसरी झाली आणि भोकरदन, अंबड, घनसावंगीच्या रानातले बोंड फुटण्याआधीच बाजाराची दिशा बदलून गेली.

या माफीमुळेच कापसाचे भाव पडले, असे सरळ गणित मांडणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. भाव जगाच्या बाजारावर, पावसावर, कापसाच्या प्रतीवर अवलंबून असतात. आणि त्या वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीने मराठवाड्याची शेते पाण्याखाली घातली होती. शुल्कमाफी चूकच होती, असेही मला म्हणावयाचे नाही. कापूस स्वस्त झाला तर इचलकरंजीच्या, भिवंडीच्या मागावर काम करणाऱ्याचे काम टिकण्याची शक्यता असते, आणि तो कामगारही आपलाच आहे. प्रश्न वेगळा आहे. एवढा मोठा निर्णय घेताना कोणाला विचारावे लागले? आणि कोणाला विचारावे लागले नाही?

अमेरिकेपासून सुरुवात करू, कारण अंकुश-समतोलाचे माहेरघर म्हणून तिचेच नाव घेतले जाते. तेथील संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदाने कर व जकात बसविण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील कायदेमंडळाला दिला. परंतु १९३४ पासून काँग्रेसने एकामागून एक कायदे करून या अधिकाराचे मोठे हिस्से स्वतःच अध्यक्षाच्या हाती दिले. सोय होती, घाई होती, मतदारसंघातल्या कारखानदारांचा त्रास चुकविण्याची इच्छाही होती. ट्रम्प यांनी आधार घेतला तो १९७७ च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्याचा. त्यात शुल्क हा शब्दही नव्हता. अंकुश कोणी हिसकावून घेतला नव्हता, तो आधीच सैल सोडलेला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

मग न्यायालयाने काय केले? २८ मे २०२५ रोजी तेथील व्यापारविषयक न्यायालयाने हे शुल्क बेकायदा ठरविले. २९ ऑगस्टला अपील न्यायालयाने सात विरुद्ध चार मतांनी तेच सांगितले. दोन्ही वेळा वसुली मात्र चालूच राहिली. सर्वोच्च न्यायालयापुढे युक्तिवाद झाला तो ५ नोव्हेंबरला, आणि २० फेब्रुवारी २०२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला की, त्या कायद्याने असे शुल्क लावण्याचा अधिकार अध्यक्षाला मिळत नाही. अंकुशाचा हा विजय झाला, असे कोणी म्हणेल तर ते खोटे नाही. परंतु तोवर जालन्याच्या शिवारातली पऱ्हाटी उपटून झाली होती. ज्या आयातदाराने शुल्क भरले तो आपले पैसे परत मागू शकतो, कारण त्याच्याजवळ पावती आहे. ज्या बाईने किलोमागे ठरलेल्या दराने कापूस वेचला, तिच्याजवळ कसली पावती आहे? ती कोणत्या न्यायालयात, कोणाविरुद्ध उभी राहणार? अंकुशाला स्वतःचा कालावधी असतो आणि पिकाला स्वतःचा. या दोहोंचा मेळ बसत नाही तेव्हा न्याय मिळूनही तो हंगाम बुडालेलाच राहतो.

येथे आपल्यापैकी अनेकांना समाधान वाटते की, आपल्याकडे अध्यक्षीय पद्धती नाही. या समाधानाला आधार आहे तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणाचा. संविधानाचा मसुदा सभागृहापुढे ठेवताना त्यांनी स्थैर्य आणि जबाबदारी अशा दोन कसोट्या मांडल्या. अमेरिकन पद्धतीत कार्यकारी सत्तेला स्थैर्य अधिक, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत याच्या उलट. संसदीय पद्धतीत सरकारची झडती मुदतीअखेर मतदार घेतात, आणि दररोज प्रश्न, ठराव, अविश्वास यांच्या द्वारे सभासद घेतात. ही दैनंदिन झडती त्यांना अधिक मोलाची वाटली, म्हणून मसुद्याने जबाबदारीच्या बाजूने कौल दिला.

हे विवेचन आपण सभासंमेलनांतून असंख्य वेळा सांगितले आहे. परंतु ते तपासून पाहिले आहे काय? १८ ऑगस्ट २०२५ रोजी संसदेचे पावसाळी अधिवेशन चालू होते. ते २१ ऑगस्टला संपले. माफीची मुदत वाढली ती २८ ऑगस्टला, सभागृह उठल्यावर. पहिल्या वेळी संसद बसलेली होती आणि दुसऱ्या वेळी नव्हती. पण दोन्ही वेळा फरक काहीच पडला नाही. कारण १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या २५ व्या कलमाने सार्वजनिक हितासाठी शुल्क माफ करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिलेला आहे. अधिसूचना नंतर सभागृहाच्या मेजावर ठेवावी लागते, इतकेच. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर बसविता येणार नाही, असे संविधानाचा २६५ वा अनुच्छेद सांगतो. परंतु बसविलेला कर कोणासाठी, केव्हा आणि किती काळ उठवावा, हे ठरविण्यास एक सही पुरते. दैनंदिन झडतीच्या दिवशीही ही सही झडतीबाहेर राहते. अमेरिकेच्या काँग्रेसने जे केले ते आपल्या संसदेनेही केले आहे. तेव्हा तिकडे बोट दाखविताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात, हे पाहिलेले बरे.

अधिसूचनेपेक्षा मोठे हत्यार म्हणजे अध्यादेश. १२३ व्या अनुच्छेदाने संसद चालू नसताना कायदा करण्याची शक्ती राष्ट्रपतींना दिली. मे १९४९ मध्ये संविधानसभेत या तरतुदीवर हृदयनाथ कुंझरू, के. टी. शाह यांनी आक्षेप घेतले, आणि अकस्मात प्रसंग उद्भवल्यास कार्यकारी सत्तेजवळ साधन हवे, असे समर्थन बाबासाहेबांनी केले. हे आपण लपविता कामा नये. त्यांचे समर्थन अपवादासाठी होते; पुढे अपवादाचाच रिवाज झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी बिहारचे दप्तर चाळले तेव्हा १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश पुन्हापुन्हा काढून जिवंत ठेवल्याचे दिसून आले. काहींचे आयुष्य चौदा वर्षांच्या घरात गेले होते. उसाच्या खरेदी-पुरवठ्याचा अध्यादेशही त्यांत होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये या प्रकाराला संविधानाशी केलेली लबाडी ठरविले. एका अभ्यासकाने दप्तर उघडून बसण्याचा कंटाळा केला नाही, म्हणून हा अंकुश चालला. विधानसभेतील शेकडो सभासदांना जे चौदा वर्षांत जमले नाही ते एका वाचकाने केले!

५ जून २०२० रोजी शेतमालाच्या व्यापाराविषयी तीन अध्यादेश निघाले. देश टाळेबंदीतून बाहेर पडत होता, सभा-मोर्चे बंद होते. २० सप्टेंबरला राज्यसभेने त्यांतली दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत केली. मतविभागणीची मागणी विरोधकांनी केली होती, ती झाली नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यांना स्थगिती दिली. शेवटी २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांनी ते रद्द केले, तेही चर्चेविना. येताना चर्चा नाही आणि जाताना चर्चा नाही. खरा अंकुश ठरले ते दिल्लीच्या वेशीवर वर्षभर थंडी-उन्हात बसलेले शेतकरी. त्यांच्या झुंजीला अभिवादन केलेच पाहिजे. परंतु ज्यांच्याजवळ वर्षभर बसण्याइतके अन्न, ट्रॅक्टर आणि मागे शेत सांभाळणारी माणसे होती त्यांनाच हा अंकुश चालविता आला, हेही सत्य आहे. रोजंदारीवर जगणारा माणूस आठवडाभर तरी वेशीवर बसू शकेल काय?

त्या तीन अध्यादेशांखाली सही होती ती राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची. ते दलित समाजातून त्या पदावर गेले होते. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणे त्यांना बंधनकारक होते. ७४ व्या अनुच्छेदाचा तोच अर्थ आहे. मात्र सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठविण्याची मुभा १९७८ च्या दुरुस्तीने दिलेली आहे. दलित समाजातूनच आलेले राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याचा सल्ला असाच परत पाठविला आणि मंत्रिमंडळाने आग्रह सोडला. या दोन प्रसंगांवरून व्यक्तींची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. मुद्दा आपल्या चळवळीचा आहे. लेखणी धरणारा हात आपल्यातला आहे, एवढ्याने लेखणी आपली होत नाही. प्रतिनिधित्वाची मागणी करताना हा भेद आपण पुरेसा केलेला नाही.

व्यापाराचे धोरण आणि बेलगाम सही यांचे नाते इंग्रजी अमदानीपासूनचे आहे. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन याने स्वतःच्या कौन्सिलातील बहुमत डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात उठविली. लँकेशायरच्या गिरणीमालकांना ते हवे होते. पुढे १८९६ मध्ये त्याच दडपणाखाली हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला आणि जवळजवळ तीस वर्षे टिकला. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. विलायतेच्या यंत्रावरचा माल येऊन इथल्या कारागिरांच्या पोटावर कसा पाय आला, हे त्यात नोंदलेले आहे. कुलकर्ण्याच्या लेखणीपासून विलायतेच्या व्यापारापर्यंत शोषणाची साखळी एकच आहे, असे त्यांना दिसले. बाबासाहेबांचा १९२५ चा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ त्याच वाटेवरचा आहे. कर कोण लावतो आणि तो लावणारा कोणाला जबाबदार आहे, हे प्रश्न त्यांना कधीच निव्वळ अर्थशास्त्राचे वाटले नाहीत.

म्हणूनच १९४८ चे भाषण एकटे वाचून भागत नाही. त्याच्या शेजारी १९४७ चे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन ठेवावे लागते. तेथे बाबासाहेब मुदतीपूर्वी न हटणारी कार्यकारिणी मागतात. म्हणजे एका वर्षापूर्वी ते दुसऱ्या बाजूला होते काय? वरवर पाहता विसंगती दिसते. पण दोन्हीकडे त्यांची चिंता एकच आहे. जातीय बहुमताच्या हाती सभागृह गेले तर त्या सभागृहाचा अंकुश अस्पृश्याच्या काय कामाचा? म्हणून पंतप्रधान सर्व सभागृहाने निवडावा, अल्पसंख्याकांचे मंत्री त्यांच्या प्रतिनिधींनी निवडावेत, आणि शेती व मूलभूत उद्योग यांची मालकी राज्याकडे असावी, हे संविधानातच लिहून ठेवावे, असा त्यांचा आग्रह होता. सरकारच्या नियंत्रणातून मिळालेली सुटका ही जमीनदाराला व मालकाला मिळालेली मोकळीक ठरते, मजुराला नव्हे, हे त्यांनी तेथे स्वच्छ सांगितले आहे. सत्तांचा परस्परांवर अंकुश आणि दुबळ्याचा सत्तेवर अंकुश या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आपल्या संविधानात आली, दुसरी बरीचशी निवेदनातच राहिली.

आता पुन्हा रानात येऊ. जालना हे एके काळी निझामाच्या राज्यातले भरभराटीचे व्यापारी गाव. 'जालना सोने का पालना' ही म्हण अजून लोकांच्या तोंडी आहे. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांनी पुढे त्याचे नाव झाले. या पाळण्यात झोपले कोण आणि दोरी ओढली कोणी, हे म्हण सांगत नाही. जिल्ह्यातल्या गावोगावच्या बौद्ध, मातंग वस्त्यांतून बायका सकाळी ओटी बांधून वेचणीला निघतात. सांजेला काटा लागतो, माप होते, किलोमागे पैसे मिळतात. कापसाला हमीभाव आहे. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा तो क्विंटलला ८११० रुपये होता. वेचणीला हमीभाव नाही. भाव पडला की शेतकरी पहिली काटकसर करतो ती वेचणीच्या दरात, आणि अगदीच परवडेनासे झाले की उरलेली वेचणी सोडून देतो. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, ते मोजले जाते, त्यावर सभागृहात गदारोळ होतो. त्या नुकसानीचा जो भाग खाली ढकलला जातो त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात शेतमजुरी होती. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब मजूर खाते सांभाळीत होते त्या काळात या कायद्याची पायाभरणी झाली. पण तो पऱ्हाटीच्या रानापर्यंत चालत आल्याचे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे संसदेने २०१९ मध्ये वेतनसंहिता संमत केली. ती लागू केव्हा करावी, हे सरकारवर सोपविले होते. सरकारने सहा वर्षे घेतली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, ऐन वेचणीच्या दिवसांत, ती लागू झाली आणि १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. कापसावरचे शुल्क उठविण्यास अमेरिकेच्या आदेशानंतर बारा दिवस लागले. मजुरीचा कायदा अमलात आणण्यास सहा वर्षे. दोन्ही निर्णय एकाच कार्यकारी सत्तेचे. सही लवकर कोणासाठी होते आणि उशिरा कोणासाठी, यावरून राज्य कोणाचे आहे ते कळते. अंकुश-समतोलाच्या कोणत्याही ग्रंथात ही कसोटी दिलेली नाही. ती आपल्यालाच लावावी लागेल.

अखेरीस आपल्या साहित्याविषयी बोलले पाहिजे. दलित साहित्याने सत्तेचे जे चित्र काढले ते चेहरा असलेल्या सत्तेचे आहे. पाटील, सावकार, तलाठी, फौजदार: यांची नावे, आवाज, शिव्या, काठ्या आपल्या कथा-आत्मकथनांतून जिवंत झाल्या, आणि ते काम मोठेच झाले. परंतु ज्या सत्तेला चेहरा नाही, जी राजपत्राच्या पानावर क्रमांकाने राहते, ती आपल्या लेखनात जवळजवळ नाही. ग्रामीण आणि शेतकरी साहित्याने बाजारभावाचे दुःख मांडले, पण त्यात मजूर बहुधा 'परवडत नाही' अशा खर्चाच्या बाजूलाच उभा राहिला. आपण संविधानाच्या मिरवणुका काढतो, उद्देशिका सामुदायिक रीतीने म्हणतो. मात्र १२३ वा अनुच्छेद, सीमाशुल्क कायद्याचे २५ वे कलम किंवा वेतनसंहितेची अंमलबजावणी यांवर आपल्या किती वाचनमंडळांत चर्चा झाली? २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका सांगितला होता. तो धोका नेत्यांच्या भक्तीपुरताच नव्हता. ग्रंथाची भक्तीही माणसाला वाचनापासून दूर नेते.

काय मागावे? शुल्काची प्रत्येक माफी ठराविक दिवसांत सभागृहात चर्चेला आलीच पाहिजे, नुसती मेजावर ठेवून भागणार नाही. शेतमालाच्या व्यापाराविषयी अधिसूचना काढताना तिचा मजुरीवर काय परिणाम होईल, याचे निवेदन सोबत हवे. हमीभाव ठरविताना उत्पादनखर्चात मजुरीचा आकडा धरला जातो. तो मजुराच्या हातात पडतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारीही कोणावर तरी असली पाहिजे. या मागण्या छोट्या दिसतील. पण त्यांपैकी एकही आजवर मोठ्या आवाजात मागितली गेलेली नाही, कारण ज्यांना त्यांची गरज आहे त्यांच्यासाठी दप्तर उघडून बसणारा वाधवा आपल्यात अजून निघालेला नाही. तो निघावयाचा असेल तर अशाच वस्तीतून, ओटीभर कापूस काट्यावर टाकून आकडा स्वतः वाचणाऱ्या आईच्या घरातून निघेल. काट्यावरचा आकडा वाचता आला की राजपत्र वाचणे फार दूर राहत नाही.